लॅपटॉप कधी लागतो, कधी 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतो. बिघाड शोधायचा कुठे?

दुपारचा चहा
२०१५ चा पंधरा इंची लॅपटॉप आहे. आय५ पाचवी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मूळची १ टीबी हार्ड डिस्क काढून मध्यंतरी दुकानातून ४८० जीबीची अडीच इंची साटा (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची एक पद्धत) एसएसडी टाकून घेतली. आता बटण दाबलं की कधी सरळ विंडोज येतं, कधी काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' आणि कर्सर लुकलुकत बसतो. सकाळी पहिल्यांदा लावताना हे जास्त होतं. बंद-चालू करत राहिलं की लागतो. एकदा लागला की दिवसभर चालतो, फक्त अधूनमधून अर्धा मिनिट गोठतो आणि आपोआप सुटतो. दुकानात म्हणाले, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू. मारू द्यावं का? एसएसडी गेली म्हणावं तर हेल्थ ९६ टक्के दाखवतेय.

शून्यएक
फॉरमॅट अजिबात नको. 'नो बूटेबल डिव्हाइस' हा निरोप विंडोजचा नसतो, बायोसचा (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) असतो. विंडोजची एक ओळही वाचली जाण्याआधी तो येतो. विंडोज बिघडलं असेल तर निळा पडदा येईल, 'ऑटोमॅटिक रिपेअर' येईल किंवा गोल फिरत राहील. शिवाय करप्ट झालेली फाइल पुन्हा बटण दाबल्यावर आपली आपण बरी होत नाही. जे कधी चालतं आणि कधी चालत नाही, तिथे आधी जोडणीवर संशय घ्यायचा.

पहिली तपासणी फुकट आहे. सकाळी थंड मशीन लावतानाच एफ२ दाबत राहून थेट बायोसमध्ये शिरा (काही कंपन्यांत एफ१०, एस्केप किंवा डिलीट). माहितीच्या पानावर एसएसडीचं मॉडेल आणि क्षमता दिसते का पाहा, दिसो वा न दिसो फोटो काढा. असं काही दिवस रोज सकाळी करा. निरोप आल्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून आत गेलात तर ती तपासणी ग्राह्य नाही, कारण रीस्टार्टमध्ये ड्राइव्हचा ५ व्होल्टचा पुरवठा बहुधा तुटत नाही. तो जागाच असतो आणि दुसऱ्या खेपेला बिनतक्रार हजेरी लावतो.

नाव दिसलंच नाही, तर केबल, कनेक्टर, ड्राइव्ह किंवा मदरबोर्डवरचं पोर्ट. नाव दिसतंय पण बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' नाही, तर ईएफआय पार्टिशन (ड्राइव्हचा बूटच्या फाइली असलेला छोटा भाग) किंवा बायोसची सेटिंग. दोन्ही दिसतंय आणि तरी अडतंय, तर बूटचा क्रम किंवा यूईएफआय-लेगसी या बूट करायच्या नव्या-जुन्या पद्धतींचा घोळ. या तीन वाटा वेगळ्या आहेत आणि फॉरमॅट यातल्या फक्त मधल्या वाटेवर, तीही कधीमधीच, कामाला येतो.

निळा पडदा
+१. आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप. आजच, लॅपटॉप चालू असतानाच. तो होईपर्यंत शट डाउन करू नका, चालूच ठेवा.

दोन फुटकळ गोष्टी आधी निकालात काढा. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, यूएसबी डिस्क काहीही लावलेलं नको. बूटच्या क्रमात यूएसबी वर असेल तर रिकामा पेनड्राइव्हही हाच निरोप देतो. दुसरं, बायोसमध्ये 'फास्ट बूट' असेल तर बंद करा. त्यात बायोस ड्राइव्हला तयार व्हायला फार थोडा वेळ देतो. ते बंद केल्यावर अडणं कमी झालं, तर ड्राइव्ह उशिरा जागा होतोय एवढं कळेल. बिघाड गेला असं मात्र समजू नका. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' वेगळं, त्याचा या निरोपाशी संबंध नाही, लोक उगाच त्याच्या मागे लागतात.

बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो 'सस्पेंड' करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर बरा झालेला लॅपटॉप कुलूप लावून बसायचा.

सरळमार्गी
एवढी उठाठेव कशाला? नवीन एसएसडी घ्या, विषय संपला.

खटपट्या
@सरळमार्गी, केबलच खराब असली तर नवीन एसएसडीही त्याच केबलला लागणार आणि तोच निरोप देणार. पैसे जाऊन प्रश्न जागेवर. आधी आकडे बघू.

@दुपारचा चहा, क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उतरवा. फुकट आहे. हेल्थच्या टक्क्यांवर जाऊ नका, एसएसडीत तो टक्का मुख्यतः लिहून लिहून झालेली झीज सांगतो. खालच्या तक्त्यात हे पाहा:
०५ : बदललेले सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे).
सी५ : संशयित, अजून न बदललेले सेक्टर.
सी७ : सीआरसी चुका.
आणि वर 'ट्रान्सफर मोड' असं लिहिलेलं असतं, त्यात दोन आकडे असतात. पहिला म्हणजे आत्ता कुठल्या वेगाने जोडलंय, दुसरा म्हणजे जास्तीत जास्त किती जमतं.

०५ आणि सी५ ही ड्राइव्हच्या पोटातली दुखणी. सी७ हे रस्त्यातलं. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाणारा प्रत्येक गठ्ठा पडताळणीच्या बेरजेसकट जातो, तीच सीआरसी. पलीकडे बेरीज जुळली नाही की गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि सी७ एकाने वाढतो. माहिती सहसा हरवत नाही, पण पुन्हापुन्हा मागवण्यात वेळ जातो. तुमचं अर्धा मिनिट गोठणं याच जातीचं वाटतंय. एक सावधगिरी: काही कंपन्या या क्रमांकांचा अर्थ वेगळा लावतात, तेव्हा शेजारचं नावही वाचा, त्यात 'सीआरसी' हवं.

सोबत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) विंडोज लॉग्ज, सिस्टीम उघडा आणि १२९ व १५३ क्रमांकाच्या नोंदी गाळून काढा. १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजने त्याला रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. ७ क्रमांक दिसला, स्रोत 'डिस्क', तर मात्र खराब ब्लॉक, म्हणजे ड्राइव्हच.

दुपारचा चहा
सकाळी थंड असताना बायोसमध्ये गेले. ड्राइव्हच्या जागी 'नन'. बंद करून पुन्हा गेले तर नाव हजर. दोन्हीचे फोटो आहेत.
०५ शून्य. सी५ तक्त्यातच नाही. सी७ समोर १एफ४२ असं अक्षरं घातलेलं काहीतरी आहे, काल संध्याकाळचं. आज सकाळी १एफ९०.
ट्रान्सफर मोड साटा/१५०, साटा/६००.
१२९ च्या नोंदींची रांग आहे. ७ एकही नाही.

शून्यएक
छान, निम्मं काम झालं. ती अक्षरं सोळाच्या पटीतल्या मोजणीमुळे. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान निवडा. १एफ४२ म्हणजे ८००२, १एफ९० म्हणजे ८०८०. एका रात्रीत ७८ ने वाढ. धडधाकट जोडणीत हा आकडा महिनोन्महिने हलत नाही.

त्याहून बोलका ट्रान्सफर मोड. ६०० ची लायकी असलेला ड्राइव्ह १५० वर चाललाय. चुका वाढल्या की दोन्ही बाजू समजुतीने वेग उतरवतात, ६०० वरून ३००, तिथून १५०. ०५ शून्य, ७ ची नोंद नाही, सी७ चढता आणि वेग तळाला. एसएसडी निर्दोष असण्याची शक्यता जास्त, केबल किंवा कनेक्टर गुन्हेगार.

सकाळीच का, तर थंड असताना धातू आणि प्लास्टिक आक्रसलेलं असतं, सैल संपर्क तेव्हा सुटतो. मशीन तापलं की टेकतो. हेच लक्षण ड्राइव्हच्या आतल्या चिरलेल्या सोल्डरनेही येतं, म्हणून केबल मागवण्याआधी एक पडताळा घ्या. उबंटूचा (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सचा) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लावा (यूएसबी स्वतंत्र वाट आहे, अडणार नाही) आणि टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' चालवा, अक्षरं अर्थातच इंग्रजी. 'साटा लिंक अप १.५ जीबीपीएस' (म्हणजेच साटा/१५०) किंवा 'कॉमरीसेट फेल्ड' (ड्राइव्हशी संपर्क जुळला नाही) दिसलं तर विंडोजचा यात काडीचा संबंध नाही हे दुकानदारालाही दाखवता येईल.

खटपट्या
याहून पक्की चाचणी: तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असणार. त्या जागी बसणारी कॅडी, म्हणजे ड्राइव्ह धरणारी चौकट, मिळते, ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीची, आधी मोजून घ्या. एसएसडी तिच्यात घालून डीव्हीडीच्या जागी बसवा. तिथली साटा वाट वेगळी आहे. सी७ थांबला आणि सकाळी बिनबोभाट लागला, तर मूळ केबलवर शिक्का. काही बायोस त्या जागेवरून बूट करत नाहीत, तेव्हा नाव दिसतं का एवढंच पाहा.

यूएसबी-साटा वायरला लावून तपासण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. एसएसडीला चालेल. जुन्या हार्ड डिस्कला यूएसबी २ च्या पोर्टवर लावू नका: अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना सुमारे १ अँपिअर ओढते, यूएसबी २ ला फक्त ५०० मिलीअँपिअर द्यायचं बंधन. चांगली डिस्कही टिकटिक करते आणि माणूस तिला मेलेली समजून मोडीत काढतो.

मांडवी
रत्नागिरी, गोवा, मालवण अशा खाऱ्या हवेत किंवा मुंबईत समुद्रालगत मशीन असेल तर पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. संपर्कांवर हिरवट-काळी पुटं चढतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पेन्सिलच्या खोडरबराने घासायची जुनी सवय सोडा. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की रबर तो पुसून टाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात उघडा पडलेला धातू आणखी लवकर सडतो. गंज उतरवायचे स्प्रे आत मारायचे नाहीत, तेलकट थर राहतो.

खटपट्या
उघडायची रीत लिहितो. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्याबरोबर पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. पीएच० चा स्क्रूड्रायव्हर. झाकणाचे दोनएक स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात, एखादा डीव्हीडीला धरणारा असतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्याचा त्याला जागेवर टोचून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तळहाताच्या बाजूने फुगवटा येतो.

एसएसडी कनेक्टरपासून दूर, मागे सरकवून काढायची, वर उचलायची नाही. कनेक्टरवर २२ पट्ट्या असतात, ७ डेटाच्या, १५ विजेच्या. डेटाच्या सात भिंगाखाली पाहा. मग पट्टीसारखी पातळ केबल दोन्ही टोकांपासून बोटांनी चाचपत या. जिथे ती काटकोनात वळते तिथे पांढरी रेघ किंवा चुणी दिसली की समजा आतला तांब्याचा धागा गेला. मदरबोर्डच्या टोकाला झडप असेल तर ती नखाने उभी करून केबल सरळ ओढायची. झडप बंद असताना ओढली तर मदरबोर्डवरचं सॉकेट उखडतं, मग केबलचं दुखणं बोर्डावर जातं.

आणि हे नक्की बघा. २०१५ च्या सुमाराच्या बऱ्याच लॅपटॉपांत ९.५ मिलिमीटर जाडीच्या डिस्क असत. एसएसडी ७ मिलिमीटर. मधले अडीच मिलिमीटर भरायला प्लास्टिकची चौकट, स्पेसर, लागते. ती न घालता एसएसडी नुसती टांगली असेल तर लॅपटॉप उचलला की ड्राइव्ह हलतो आणि सगळा ताण केबलच्या त्या वळणावर. घाईत केलेल्या बदलात हे हमखास राहतं.

रातराणी
धाग्यात घुसखोरी करते. माझी हार्ड डिस्कच आहे, ५०० जीबी. लॅपटॉप लागताना टिक-टिक-टिक आवाज, मग थांबतो. सी५ काल ४० होता, आज ११२. चेकडिस्क /आर चालवू का?

निळा पडदा
नाही! चेकडिस्क /आर ही विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा. तो सगळी डिस्क ओळीने वाचतो, अडलेल्या सेक्टरवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आणि वर फाइल सिस्टीममध्ये लिहितोही. आधीच थकलेल्या हेडला ही रपेट झेपत नाही. दुरुस्तीचा विचार डेटा बाहेर काढल्यानंतर.

लाइव्ह लिनक्सवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) वापरा. आधी -एन लावून एक फेरी, म्हणजे सोपा भाग पटकन निघतो आणि अडलेल्या जागा मागे राहतात. मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) न चुकता द्या, मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. ज्या डिस्कवर उतरवायचं ती तेवढीच किंवा मोठी हवी. कुठली मूळ आणि कुठली नवी हे मॉडेल नंबर वाचून ठरवा, उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या फोटोंवर उमटेल.

आवाज टिकटिक न राहता खट-खट असा ठोकल्यासारखा झाला आणि डेटा मोलाचा असेल तर वीज देणं थांबवा, डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा कोणी सांगितला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

उंबरठा
वाचनखूण साठवली. माझं प्रकरण तिसरंच. एम.२ एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसणारा. बायोसमध्ये नाव कायम दिसतं, पण बूटच्या यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' अधूनमधून गायब. अलीकडे घड्याळही मागे जातंय.

शून्यएक
घड्याळ मागे जातंय हा धागा पकडा. आतला सीआर२०३२ सेल संपला. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेला की बदला. लॅपटॉपमध्ये तो बहुधा दोन तारा आणि छोट्या प्लगसह, प्लास्टिकात गुंडाळलेला येतो. तसाच तयार घ्या आणि लाल-काळ्या तारांचा क्रम जुन्याशी ताडून पाहा, प्लग सारखा दिसला तरी क्रम उलटा असू शकतो. काही मॉडेलांत हा सेल नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं.

सेल गेला की काही बायोस मूळ सेटिंगवर परततात. यूईएफआयचं लेगसी होतं, किंवा साटा मोड (बायोस ड्राइव्ह कसा चालवतो ती सेटिंग) एएचसीआयवरून रेड/व्हीएमडीवर जातो. दुसऱ्या प्रकारात 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'चा निळा पडदा येतो आणि लोक ड्राइव्ह बदलतात. आज नीट लागतोय तेव्हाच बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

'विंडोज बूट मॅनेजर'ची नोंद परत घालायला विंडोज चालू असताना कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज' एवढंच द्या. ईएफआय पार्टिशनमध्ये बूटच्या फाइली पुन्हा उतरतात आणि बायोसच्या यादीत नोंद बसते. विंडोज अजिबात लागत नसेल आणि रिकव्हरीतून करत असाल तर आधी अक्षर तपासा, तिथे सी: चं डी: झालेलं असू शकतं.

एनव्हीएमईला सी७ नाही. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवा, 'अव्हेलेबल स्पेअर' त्याच्या मर्यादेच्या बराच वर हवा, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया-लॉगर' १७ च्या नोंदी दिसल्या तर पीसीआय एक्सप्रेसची (एनव्हीएमई ड्राइव्ह ज्या वाटेने मदरबोर्डशी बोलतो ती) जोडणी कच्ची आहे. ड्राइव्ह काढून पुन्हा बसवा आणि टोकाचा स्क्रू आहे ना बघा. एम२ मापाचा, म्हणजे २ मिलिमीटर जाड, साधारण ३ मिलिमीटर लांब. तो नसला की ड्राइव्ह तिरका उठून बसतो.

दुपारचा चहा
उघडला. स्पेसर नाही. चार स्क्रूंपैकी एकच, तोही अर्धवट. केबल वळणाच्या जागी चपटी झाली आहे आणि आडवी पांढरी रेघ आहे. सातातल्या दोन पट्ट्या इतरांपेक्षा मळकट. केबल कुठे मिळेल? मॉडेलच्या नावाने शोधलं तर तीन वेगवेगळ्या दिसताहेत.

खटपट्या
मॉडेलचं नाव सोडा. एकाच नावाखाली दोनतीन मदरबोर्ड असतात आणि प्रत्येकाची केबल वेगळी. केबलवरच बारीक अक्षरांत लांबलचक पार्ट नंबर छापलेला असतो, तो तंतोतंत जुळवा. फोटो घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. जुन्या मशीनमधली काढलेली केबल देऊ केली तर वळणाची जागा उजेडात धरून बघा. स्पेसर त्याच फेरीत घ्या, ९.५ ते ७ म्हणून मागा. स्क्रू एम३, ३ मिलिमीटर लांब. याहून लांब स्क्रू एसएसडीच्या आतल्या बोर्डाला टेकतो.

दुपारचा चहा
नवीन केबल, स्पेसर, चारही स्क्रू. पट्ट्या अल्कोहोलने पुसल्या. ट्रान्सफर मोड आता दोन्हीकडे साटा/६००. गोठणं थांबलं, सकाळी पहिल्या दमात लागतोय. पण सी७ अजून ८ हजारांच्या वरच आहे. रीसेट कसा करायचा?

खटपट्या
होत नाही. तो ड्राइव्हच्या जन्मापासूनचा जमाखर्च आहे, विंडोज फॉरमॅट केलं तरी तोच राहतो. आजचा आकडा लिहून ठेवा आणि महिन्याने ताडून पाहा. हलला नसेल तर झालं. पुन्हा चढायला लागला तर आता नजर मदरबोर्डवरच्या सॉकेटकडे, आणि तिथे सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडेच जा.